हाय स्कोअर गेला कुठे? घरी बनवलेल्या गेममध्ये स्कोअर सेव्ह आणि लोड कसा करतात

समजा, हिंगोलीतल्या एखाद्या शाळकरी मुलीने आपल्या जिल्ह्यावर प्रश्नमंजुषेचा गेम बनवला. दोन मिनिटांत जमतील तेवढी उत्तरं द्यायची, बरोबर उत्तराला १० गुण. जिल्ह्यात तालुके किती? पाच: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. जिल्हा कधी झाला? १ मे १९९९ ला, परभणीतून वेगळा होऊन. घरात चुरस लागते, कुणीतरी १२० गुण काढतं. दुसऱ्या दिवशी गेम उघडला तर हाय स्कोअर शून्य!

गेम बिघडलेला नाही. स्कोअर कुठे लिहून ठेवायचा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

स्कोअर पुसला का जातो?

गेम चालू असताना स्कोअर एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत असतो. गेम बंद झाला की ती जागा मोकळी होते. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' स्क्रीनवर हाय स्कोअर दाखवायचा, पण मशीन बंद केलं की तो जायचा. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या कार्ट्रिजमध्ये खेळ जपण्यासाठी चक्क छोटी बॅटरी बसवली होती. आपल्याला बॅटरी लागत नाही, एक छोटी फाइल पुरते.

स्कोअर ठेवायचा कुठे?

गेम कशात बनवला आहे, त्यावर ते ठरतं.

- पायथन: साधी टेक्स्ट फाइल. ती नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये राहील, हे प्रोग्रॅममध्ये पक्कं करा. नाहीतर गेम वेगळ्या फोल्डरमधून सुरू केल्यावर जुनी फाइल सापडत नाही आणि स्कोअर गेला असं वाटतं.
- ब्राउझरमधला गेम: 'लोकल स्टोरेज'. हा साठा त्या वेबसाइटपुरता आणि त्याच ब्राउझरपुरता असतो. साइटचा डेटा साफ केला किंवा इन्कॉग्निटो विंडो बंद केली की तो जातो.
- अॅप इन्व्हेंटर: 'टायनीडीबी'. यात नोंद सापडली नाही तर कोणती किंमत घ्यायची, तेही सांगता येतं. तिथे ० लिहा.
- स्क्रॅच: 'क्लाउड व्हेरिएबल'. यात फक्त आकडे राहतात, नावं नाहीत. नव्या खात्यांना ही सोय लगेच मिळत नाही.

सेव्ह कधी करायचं?

बरेच जण खिडकी बंद करताना सेव्ह करतात. पण लाईट गेली तर ती वेळ येतच नाही. म्हणून डाव संपला की लगेच तपासा: नवा स्कोअर जुन्यापेक्षा जास्त असेल तरच फाइलमध्ये लिहा.

इथे आणखी एक खाच आहे. 'लिहिण्यासाठी' म्हणून फाइल उघडली की तिच्यातलं जुनं सगळं त्याच क्षणी पुसलं जातं. नेमकी तेव्हा वीज गेली तर नवा स्कोअरही नाही आणि जुनाही नाही. उपाय सोपा आहे. नवा स्कोअर आधी दुसऱ्या नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, ती बंद करा आणि मग तिला मूळ फाइलच्या जागी आणा. पायथनमध्ये 'रिप्लेस' ही आज्ञा हेच काम करते. मधेच काही झालं तरी जुना स्कोअर वाचण्याची शक्यता खूप वाढते.

लोड करताना काय अडतं?

पहिल्यांदा खेळताना फाइलच नसते. तेव्हा गेमने एरर देऊन बंद पडू नये, हाय स्कोअर ० धरावा. फाइल रिकामी असेल किंवा तिच्यात भलतंच काही असेल, तरी तसंच.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. फाइलमधून किंवा लोकल स्टोरेजमधून येणारा स्कोअर हा आकडा नसून मजकूर असतो. मजकूर म्हणून तुलना केली तर ९५ हा १२० पेक्षा मोठा ठरतो, कारण संगणक पहिलं अक्षर बघतो आणि ९ हा १ च्या पुढे येतो. त्यामुळे वाचल्यावर आधी आकड्यात रूपांतर करा, मगच तुलना.

मराठीत लिहिलं तर?

देवनागरी '१२०' हा मजकूर पायथन बरोबर आकडा म्हणून वाचतो. जावास्क्रिप्टला मात्र तो आकडा वाटत नाही. ती 'आकडा नाही' अशी किंमत देते आणि तिच्याशी केलेली 'जास्त आहे का?' ही तुलना कायम खोटी ठरते. म्हणजे कितीही गुण काढले तरी विक्रम मोडतच नाही! म्हणून साठवताना इंग्रजी अंक ठेवा आणि स्क्रीनवर दाखवताना मराठी अंक करा.

खेळाडूंची नावं मराठीत ठेवायची असतील तर फाइल वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळी 'यूटीएफ-८' असं स्पष्ट सांगा. विंडोजवर पायथन अनेकदा दुसरीच लिपीपद्धत धरतो आणि देवनागरी नाव लिहिताना अडतो.

या स्कोअरवर बक्षीस द्यावं का?

नको. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून कुणीही १२० चे १२००० करू शकतो. घरातल्या चुरशीला हे चालतं. शाळेच्या स्पर्धेत मात्र गेम सगळ्यांसमोर खेळवा आणि स्कोअर वहीतही लिहा.

गेम मित्रांना पाठवण्याआधी तपासा

१. स्कोअरची फाइल डिलीट करून गेम सुरू करा.
२. फाइल रिकामी करून बघा, मग तिच्यात 'कखग' लिहून बघा.
३. आधी ९० आणि नंतर १२० गुण काढा. विक्रम बदलला पाहिजे.
४. मग ८० काढा. विक्रम १२० च राहिला पाहिजे.
५. डाव संपल्यावर गेम जबरदस्तीने बंद करा आणि पुन्हा उघडा.

पाचही वेळा गेम नीट चालला तर १२० गुण काढणाऱ्याचा विक्रम उद्या सकाळीही तिथेच असेल.