चेसिस नंबरला काय माहीत नसतं

जुन्या गाडीच्या बाजारात दोन प्रश्न असतात. पहिला: ही गाडी चोरीची तर नाही ना? याचं उत्तर आता मोबाइलवर मिळतं. दुसरा: ही गाडी सांगतात तीच आहे का? त्याचं उत्तर कुठल्याच ॲपमध्ये नाही. माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. डेटाबेसमध्ये जे नाही ते घडलंच नाही, असं समजायची आम्हाला सवय असते. ती सवय कुठे तोकडी पडते, ते मला जुन्या गाड्यांच्या इतिहासाने दाखवलं.

गोष्ट अमेरिकेपासून सुरू होते. १९६०च्या दशकात जनरल मोटर्सने स्वतःलाच एक नियम घालून घेतला होता: मध्यम आणि छोट्या गाड्यांत ४०० घन इंचांपेक्षा, म्हणजे साधारण साडेसहा लिटरपेक्षा, मोठं इंजिन बसवायचं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावी डॉन येंको नावाचा शेवरले डीलर होता. स्वतः रेसर. १९६७ साली त्याने नव्या कॅमारो गाड्यांत आपल्याच वर्कशॉपमध्ये ४२७ घन इंचांचं, सात लिटरचं इंजिन बसवून त्या विकायला सुरुवात केली. १९६९पर्यंत मागणी एवढी झाली की कंपनीच्या विशेष ऑर्डरच्या वाटेने, 'कोपो ९५६१' या क्रमांकाखाली, ते इंजिन कारखान्यातूनच बसून येऊ लागलं. पट्टे, बोधचिन्हं वगैरे सजावट तेवढी येंकोकडे व्हायची. त्या वर्षी त्याने अशा साधारण २०० कॅमारो विकल्या.

आता यातली खरी कुठली आणि नक्कल कुठली, हे ओळखायचं कसं? १९६९च्या कॅमारोचा चेसिस नंबर १२४३७९एन असा सुरू होतो. १ म्हणजे शेवरले, २४ म्हणजे आठ सिलिंडरची कॅमारो, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे नॉरवूडचा कारखाना. आठ सिलिंडर आहेत एवढं कळलं. पण आठ सिलिंडरचं कुठलं इंजिन, हे नंबर सांगतच नाही. शेवरलेच्या नंबरात इंजिनाचा कोड आला तो १९७२पासून. मग तपासणारे लोक पुरावे जुळवत जातात. इंजिनाच्या ओतकामावर तारीख असते, आणि ती गाडी जोडल्याच्या तारखेच्या आधीचीच हवी. इंजिनावर चेसिस नंबरचा तुकडा ठोकलेला असतो, तो जुळायला हवा. वॉरंटीच्या पुस्तिकेत एक छोटा धातूचा पत्रा असायचा, त्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड असायचे. आणि सगळ्यात वजनदार कागद म्हणजे डीलरचं बिल. १९६७ची येंको कारखान्याच्या दृष्टीने साधी कॅमारोच होती. ती वेगळी झाली डीलरच्या दुकानात, त्यामुळे तिचा जन्मदाखलाही दुकानाच्या कागदांतच.

आपल्याकडे मसल कार नव्हती. आपली मसल कार दोन चाकांची. एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये राजदूत ३५० आणली आणि १९८५मध्ये यामाहा आरएक्स १००. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा अश्वशक्ती, आणि वजन कमी म्हणून पळायला हरणासारखी. १९९६मध्ये ती बंद झाली. नंतर आलेल्या आरएक्सजी आणि आरएक्स १३५ या १३२ सीसीच्या. अंगकाठी इतकी सारखी, की टाकी, पट्टे आणि बाजूचे पत्रे बदलले की लांबून ओळखू येत नाही. आणि भाव आहे तो आरएक्स १००लाच.

दोन वर्षांपूर्वी लातूरला औसा रोडवर मी अशीच एक गाडी बघायला गेलो. मालक म्हणाले, "शहाऐंशीचं मॉडेल हाय, एकदम ओरिजनल." नंबर एमएच-२४. एमएच ही पद्धत आली १९८९मध्ये, नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर. त्याआधी महाराष्ट्रात 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं असायची. म्हणजे शहाऐंशीच्या गाडीवर एमएच-२४ असेल, तर नोंदणी तरी उशिरा झालेली किंवा नंबर तरी नंतर बदललेला. दोन्ही शक्य आहे, पण दोन्हीला कागद लागतो. हँडलखालच्या नळीवरचा नंबर बघितला. आरटीओच्या फॉर्मसाठी पेन्सिल घासून जसा छाप घेतात तसा घेतला. कागदावर उमटलेले आकडे ठोकलेले एकसारखे होते, आरसी बुकाशी जुळतही होते. इंजिनाचा नंबर मात्र जुळेना.

नांदेडला वजिराबादच्या एका मिस्त्रींना फोटो दाखवले. त्यांनी लगेच सांगितलं, "इंजिन एकशे पस्तीसचं आहे. पण काम बघा, फसवायला केलेलं नाही. मालकाला ताकद पाहिजे होती, कुणीतरी मन लावून बसवलंय." मग स्वतःबद्दल बोलले. नव्वदच्या दशकात त्यांनी किती सिलिंडरांची पोर्टं घासून मोठी केली, सायलेन्सर कापून जोडले, याचा हिशेब नाही. बिल? "बिल कोण मागतंय भाऊ?"

तिथे मला फरक कळला. येंकोने केलं तेच या मिस्त्रींनी केलं: कारखान्याने जे दिलं नाही ते दुकानात दिलं. येंकोची नोंद राहिली, म्हणून त्याचा बदल हा इतिहास झाला. मिस्त्रींची नोंद राहिली नाही, म्हणून त्यांचा बदल 'डुप्लिकेट' ठरला. मराठवाड्याला हे नवीन नाही. जमिनीचा वाद निघाला की आपण निजामाच्या काळातले आणि १९५४चं खासरा पत्रक असले कागद शोधत तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. पिढ्यान्‌पिढ्या कसलेलं रानसुद्धा कागदाशिवाय उघडं पडतं. गाडी तर काय!

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी. इंजिन बदललं तर आरटीओकडे नोंद लागते. कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलं. २०२१च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची खास मालिका दिली, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. पहिल्या आरएक्स १०० गाड्या २०३५मध्ये पन्नाशीच्या होतील. तेव्हा कुठली मूळ आणि कुठली बदललेली, हे सांगणारे मिस्त्री असतीलच असं नाही.

ती गाडी मी घेतली नाही. 'ओरिजनल' म्हणून मागितलेली किंमत तिची नव्हती. आणि इंजिनाचे कागद नसल्यामुळे ती माझ्या नावावर सरळ झालीही नसती. पण बदललेली गाडी म्हणूनच विकायला असती, नोंद करून, काम करणाऱ्याच्या नावासकट, तर मी आनंदाने घेतली असती.

तुमच्या घरी, वाड्यात, गोठ्याच्या कडेला अशी गाडी उभी असेल, तर जुनं आरसी बुक जपा. स्मार्ट कार्ड आलं म्हणून ते रद्दीत टाकू नका. चेसिस आणि इंजिन नंबरचा पेन्सिलीने छाप घेऊन ठेवा. आणि ज्या मिस्त्रीने काम केलं त्याच्याकडून काय केलं, कधी केलं हे साध्या कागदावर तारखेसह लिहून घ्या. खाली त्याची सही हवी. चेसिस नंबरला गाडी कुठे बनली ते माहीत असतं; नंतर तिच्यावर कुणाचा हात फिरला, ते तेवढ्याच कागदाला माहीत असणार आहे.