हजेरीपट मोठ्याने वाचण्याची कुळकथा

रोजगार हमीच्या कामाचा हजेरीपट, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'मस्टर', भर ग्रामसभेत उघडायचे. एकेक नाव मोठ्याने वाचायचे आणि ज्याचे नाव आले त्यालाच विचारायचे: या पाझर तलावावर होतास का? पैसे हातात पडले का? कागदोपत्री या रीतीला सामाजिक अंकेक्षण म्हणतात. बीड जिल्ह्यात कोणालाही विचारा, ती २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ मधून आली असे उत्तर मिळेल. थोडे अधिक वाचलेला माणूस राजस्थानकडे बोट दाखवील. मला मात्र तिचा मूळपुरुष दख्खनच्या दुष्काळात आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेत सापडतो.

राजस्थानचा दावा भक्कम आहे. अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई भरवली. सरकारी कामांची कागदपत्रे मजुरांसमोर वाचली गेली आणि न केलेली कामे, न आलेले मजूर बाहेर पडले. माहिती अधिकाराची देशव्यापी मागणी याच मंडपातून मोठी झाली. पुढे जनसुनवाई हे नावही मराठीत जसेच्या तसे आले. पण नाव जिथून आले तिथूनच रीतही आली, असे मानायचे कारण नाही.

दुसरा दावा गोतसभेचा. मराठेशाहीत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार देवळात जमत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. गावाने एकत्र बसून खरे-खोटे करण्याची ही परंपरा आपल्याला अभिमानाने सांगितली जाते आणि ग्रामसभेच्या प्रत्येक भाषणात ती येते. मला हा दावा मान्य नाही. गोतसभा वतनाचे आणि हद्दीचे भांडण तोडत असे; भावाभावांत, गावागावांत न्याय करी. सरकारने अमुक देतो म्हटले होते, ते कुठे गेले, हा प्रश्न तिचा नव्हताच. हिशेब रयत देत असे, सरकार मागत असे. ही दिशा कधी उलटली, हे शोधायचे तर १८७६ मध्ये जावे लागते.

त्या वर्षी मुंबई इलाख्याचे दख्खनी जिल्हे दुष्काळाने होरपळत होते. हिंदुस्थान सरकारचा दूत म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेम्पलने दुष्काळी कामांवरची मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबाने खाली आणली. १८७७ च्या जानेवारीत हजारो मजुरांनी ती नाकारली आणि कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांची सार्वजनिक सभा तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. तिने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून दुष्काळाचे वृत्तान्त सरकारकडे धाडले: कामावर किती माणसे, मजुरी किती, धान्याचा भाव काय, त्या मजुरीत पोट भरते का. सरकारचे आकडे एका बाजूला आणि गावातून आलेले दुसऱ्या बाजूला. अंकेक्षण याहून वेगळे काय असते?

तरीही हे वृत्तान्त इंग्रजीत होते आणि साहेबाला उद्देशून होते. माझ्या मते कुळाचा खरा जन्म १८९६ चा. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड तयार झाला होता. पीक बुडाल्यावर सरकारने काय करायचे, हे त्यात लिहिलेले होते. तो अधिकाऱ्यांचा दप्तरी ग्रंथ होता. टिळकांच्या हाती गेलेल्या सभेने तो मराठीत समजावून सांगितला, केसरीने तो लावून धरला आणि सभेचे कार्यकर्ते गावोगाव सभा घेऊन शेतकऱ्यांना सांगू लागले की साऱ्याची सूट आणि कामाची सोय तुमच्यासाठी लिहून ठेवली आहे, ती मागा. सरकारला हे इतके झोंबले की १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. सरकारचाच कागद, ज्याच्याबद्दल लिहिला त्याच्यासमोर, त्याच्या भाषेत वाचायचा: कोट किरानाच्या मंडपात याहून निराळे काही घडले नाही.

आक्षेप उघड आहे. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सभेचा कारभार इंग्रजी मुलखात. पण बीडमधल्या आष्टीची शीव ओलांडली की तेव्हाचा अहमदनगर जिल्हा लागतो आणि दुष्काळात माणसे ही शीव दोन्हीकडून ओलांडत होती. साऱ्याच्या सुटीची बातमी त्यांच्याबरोबर इकडे आलीच असणार, असा माझा तर्क आहे. रीत मात्र आली नाही, कारण मागायला निजामाचा कोड हाती नव्हता.

ती आली रोजगार हमीतून. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल: हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. कमी बोलले जाते ते हे की त्या कामांचे सारे रूप दुष्काळी कामांचेच होते. टोळी, मुकादम, मोजमाप आणि मस्टर. कामाचा हक्क महाराष्ट्राने दिला, पण मस्टर कपाटातच ठेवले. ते उघडायला राजस्थान लागले, आणि दोन्ही फांद्या २००५ च्या कायद्यात भेटल्या.

आरोग्याची फांदी निराळी वाढली. ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची साथी संस्था तिची समन्वयक होती. पुढे बीडसह आठ जिल्हे जोडले गेले. उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला गावकऱ्यांनी हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि तो तक्ता जनसुनवाईत डॉक्टरांसमोर ठेवायचा. १९६२ पासून दवाखाना जिल्हा परिषदेचा आहे, म्हणजे जाब विचारण्याची जागा जवळ आली होती. विचारण्याची पद्धत यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

बीडला ही रीत का रुजत नाही, याचे उत्तर मला पंचांगात दिसते. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा कोयता घेतलेली जोडपी आगाऊ घेतलेली उचल फेडायला साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. जानेवारीच्या सभेत ज्यांची नावे वाचायची तीच माणसे गावात नसतात. पंधरा टक्के किंवा शंभर मतदार जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मूठभर माणसांत ठराव होतो. याच जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. इतके सारे कोणत्याही ग्रामसभेच्या इतिवृत्तात न येता घडले असावे. रोजगार हमीतल्या गैरव्यवहारावरच्या जनहित याचिकेत २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जिल्हाधिकाऱ्यांची बदली करायला सांगितले. जे वाचन गावात व्हायचे ते खंडपीठापुढे झाले.

म्हणून माझे मागणे एकच: बीडमध्ये वर्षभराची मस्टरे आणि उपकेंद्राचा तक्ता १ मेच्या सभेतच वाचला जावा, आणि ती सभा गणपूर्तीवाचून उरकता येऊ नये. त्या तारखेला टोळ्या परतलेल्या असतात.