मोटोक्रॉसचे हँडल आणि स्वाराची ठेवण

डर्ट बाइकचे हँडल चार मापांनी ओळखले जाते: टोकापासून टोकापर्यंतची रुंदी, हँडल गाडीला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पपासूनची उंची, ग्रिप बसते त्या भागाचा वरचा चढ आणि त्याच भागाचा स्वाराकडे येणारा वाक. मोठ्यांच्या मोटोक्रॉस गाडीचे हँडल साधारण ८०० मिलिमीटर रुंद असते. मुलांच्या ६५ आणि ८५ सीसी गाड्यांचे त्याहून आखूड आणि बसके. स्वाराची उंची, खांदे आणि हात पाहून ही मापे निवडण्याची रीत मात्र या खेळाइतकी जुनी नाही. आधी स्वाराची गाडीवरची ठेवण बदलत गेली आणि हँडल तिच्यामागून बदलले.

२९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडच्या सरे परगण्यात कॅम्बर्ली येथे झालेल्या शर्यतीपासून मोटोक्रॉसची सुरुवात मानतात. तिथे धावलेल्या गाड्या मुळात रस्त्यावरच्या होत्या. मागच्या चाकाला सस्पेन्शन नव्हते आणि हँडल बसून चालवणाऱ्याच्या हातांना सोयीचे, बरेच मागे वळलेले असे. खडबडीत जमिनीवर धक्के गुडघ्यांनी पेलण्यासाठी स्वार फूटरेस्टवर उभा राहिला, की असे हँडल फार खाली आणि फार जवळ येई. पाठ वाके आणि मनगटे मुडपत. दुसऱ्या महायुद्धानंतर या शर्यतींच्या गाड्यांवर उंच आणि रुंद हँडल रुळले. रुंदीला आणखी एक कारण होते. १९५७ मध्ये ५०० सीसी गटाचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले, तेव्हा मैदानावर वजनदार फोर-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. हँडल जितके रुंद तितकी तरफ लांब, आणि चिखलाच्या चरात अडकलेले पुढचे चाक वळवायला तितका जोर कमी.

हे हँडल पाऊण इंचाहून थोड्या जाड, म्हणजे २२.२ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी नळीचे असे. पडझडीत ते वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी दांडी, म्हणजे क्रॉसबार, बसवत. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू रेनशॉ आणि हेन्री रोझेंथल यांनी ॲल्युमिनियमची हँडल बनवायला सुरुवात केली. दोघांच्या आडनावांतून ‘रेंथल’ हे नाव तयार झाले. वजन घटले हा एक फायदा. त्याहून मोठा बदल म्हणजे हँडल ही गाडीसोबत येते तीच ठेवायची वस्तू न राहता निरनिराळ्या वळणांत, म्हणजे उंची आणि वाकाच्या निरनिराळ्या आकारांत, स्वतंत्रपणे विकत मिळू लागली.

निवडीची गरज खऱ्या अर्थाने वाढली ती सस्पेन्शनमुळे. १९७३ मध्ये स्वीडनच्या हाकान आंदेर्सनने यामाहाच्या मोनोशॉक, म्हणजे मागे एकच शॉक ॲब्सॉर्बर असलेल्या, गाडीवर २५० सीसीचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. पुढच्या दशकभरात चाकांची वर-खाली हालचाल १०० मिलिमीटरच्या आसपासवरून ३०० च्या घरात गेली. गाड्या उंच झाल्या आणि सीट सपाट होऊन टाकीवर चढली. वळणावर पुढच्या चाकावर भार देण्यासाठी स्वार पुढे सरकून बसू लागला. जुने उंच, मागे वाकलेले हँडल आता पोटाशी येऊ लागले, म्हणून नवी हँडल बसकी आणि सरळ झाली.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रॉसबार नसलेले जाड हँडल आले. त्याची नळी क्लॅम्पपाशी २८.६ मिलिमीटर आणि ग्रिपपाशी पूर्वीसारखीच २२.२ असते, त्यामुळे जुन्याच ग्रिप आणि लिव्हर चालतात. मधला भाग मजबूत असूनही हँडल किंचित लवते आणि उडीनंतरचा हादरा मनगटांपर्यंत कमी पोहोचतो. कंपन्या नामवंत स्वारांच्या नावाने हँडलची वळणेही विकू लागल्या. रिकी कारमायकलच्या नावाचे वळण अशांपैकीच. मात्र कारमायकल तुलनेने कमी उंचीचा. सहा फुटी माणसाला ते जमेलच असे नाही.

योग्य माप उभे राहूनच कळते. फूटपेगवर उभे राहून गुडघे थोडे वाकवले, कोपरे बाहेर काढली आणि नजर पुढे ठेवली, तर हात न ताणता ग्रिपवर पडले पाहिजेत. पाठ फार वाकत असेल तर हँडल बसके आहे. ग्रिप छातीकडे येत असतील तर ते फार उंच किंवा फार मागे आहे. अतिरुंद हँडलवर वळताना बाहेरचा हात पूर्ण ताणला जातो, तर फार आखूड हँडलवर कोपरे अंगाशी येतात. वाक जास्त असला तर कोपरे खाली पडतात आणि मनगटे वळतात.

दरवेळी नवे हँडल घ्यावे लागत नाही. बऱ्याच गाड्यांत क्लॅम्प उलटा बसवून हँडल पुढे-मागे घेता येते, रायझर घालून उंच करता येते. भारतात हीरोच्या एक्सपल्स २०० साठी निघालेल्या रॅली किटमध्ये लांब चालीचे सस्पेन्शन आणि सपाट सीट यांच्यासोबत हँडलचे रायझरही होते. सीट वर गेली की हातांची जागाही वर न्यावी लागते. रुंदी मात्र सर्वांत शेवटी ठरवतात. टोके दोन्ही बाजूंनी सारखी आणि दरवेळी थोडीच कापून गाडी चालवून पाहावी लागते, कारण कापलेली नळी पुन्हा लांब होत नाही.