ध्वनिमुद्रण घरी आले त्याची हकीकत

भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत वारले. पुढल्याच वर्षी, १९०२ साली, ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यास उतरला आणि गौहरजानचे गाणे मेणावर उतरले. ज्या आवाजासाठी महाराष्ट्राने रात्रीच्या रात्री जागून काढल्या, त्या भाऊरावांचे गाणे आज आपण वर्णनातच वाचावयाचे. पावणेदोन वर्षांनी चुकामूक झाली. परंतु भाऊराव आणखी दहा वर्षे जगते तरी त्यांचा आवाज कोणाच्या मर्जीने मुद्रित झाला असता, हा प्रश्न उरतोच; आणि आजच्या विषयाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

एडिसनने १८७७ साली जे यंत्र काढले, आणि पुढे ज्याला मेणाच्या नळकांड्या बसविल्या, त्यात ऐकण्याची व भरण्याची अशी दोन्ही सोय होती. ज्याच्या घरी ते यंत्र, तो स्वतः गाऊन स्वतःच ऐकू शके. दहा वर्षांनी बर्लिनरने तबकडी काढली. साच्यावरून तिच्या हजारो प्रती दाबून काढता येत. त्यामुळे ती स्वस्त पडली व तिने नळकांडीला बाजारातून उठविले. मात्र घरच्या ग्रामोफोनवर तबकडी वाजविता येई, भरता येत नसे. आमच्या कामगार चळवळीच्या भाषेत सांगावयाचे तर उत्पादनाचे साधन कारखान्यात गेले आणि घरात नुसते गिऱ्हाईक उरले. हा बदल कोणी हुकूम काढून केला नाही. स्वस्ताईच्या पोटातून तो आला, म्हणून फारसा कोणाच्या ध्यानातही आला नाही.

पुढली पन्नास वर्षे कोणी गावे, काय गावे आणि किती वेळ गावे हे कंपनीने ठरविले. दोन तास चालणारा ख्याल तीन-सव्वातीन मिनिटांत कोंबावा लागे. शाहिरीचे तर विचारूच नका. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमरशेख व गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांचा कार्यक्रम मैदानात, हजारो कामगारांपुढे, रात्र चढेल तसा रंगणारा. तो तबकडीच्या मापाचा नव्हता आणि कंपनीच्या गिऱ्हाइकाच्या आवडीचाही नव्हता. अण्णाभाऊ व अमरशेख दोघेही १९६९ साली, महिना-दीड महिन्याच्या अंतराने गेले.

यंत्र घरी परत आले ते फितीच्या रूपाने. डेन्मार्कच्या पाऊलसेनने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाने आवाज धरून दाखविला होता. १९३५ साली जर्मनीच्या ए.ई.जी. कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात फितीचे यंत्र मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरले. आपल्याकडे मोठ्या चकत्यांचे टेपरेकॉर्डर प्रथम आले ते वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या दिवाणखान्यांत. आणि खाजगी मैफली फितीवर राहू लागल्या. आमच्या जिल्ह्यात अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव होतो. एका रात्रीचे गाणे सकाळी उरत नाही ही हळहळ काय असते, ते अंबडकरांना निराळे सांगावयास नको.

परंतु गरिबाच्या घरात शिरली ती कॅसेट. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली बर्लिन येथे दाखविली. आपल्या देशात तिचा खरा काळ १९८० नंतरचा. आखातात मजुरीला गेलेले लोक येताना टू-इन-वन आणीत. पुढे टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटींचा पूर आणला व जुन्या कंपनीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली या उलथापालथीवर एक ग्रंथच लिहिला. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर या पेटीचा सर्वांत मोठा उपयोग भीमगीतांनी करून घेतला. वामनदादा कर्डकांसारखा कवी गावोगाव फिरून गाई, आणि त्याचे गाणे ऐकणाऱ्याच्या कंठातून पुढे जाई. आता ते कॅसेटमधूनही जाऊ लागले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींची दुकाने लागत. दुकानापर्यंत न पोहोचलेल्या कॅसेटींची गणती कोणी ठेवली नाही. मंडळाने खोलीत बसून पेटी, ढोलकी व कोरस एकाच यंत्रापुढे धरावयाचे, ढोलकीवाल्याला दोन हात मागे सरकावयाचे, आणि भरलेल्या कॅसेटीची दुसरी, दुसरीची तिसरी प्रत काढावयाची. प्रत्येक प्रतीला फितीची खरखर वाढत जाई. चौथ्या प्रतीत शब्द कमी आणि खरखर जास्त; तरीही लोक ऐकत.

येथवर यंत्र जे घडले ते धरून ठेवी. एकट्या माणसाने घरी बसून वाद्यवृंद उभा करावा, ही गोष्ट १९७९ साली टॅस्कॅम या जपानी कंपनीने पोर्टास्टुडिओ काढला तेव्हा हाताशी आली. युक्ती साधी होती. कॅसेटच्या दोन बाजूंच्या मिळून चार पट्ट्या असतात. या यंत्राने चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या आणि फितीचा वेग दुप्पट केला. आधी पेटी भरा, मग ती ऐकत ढोलकी भरा, मग त्यावर गा. १९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने भाड्याच्या घरात अशाच यंत्रावर काही गाणी भरली. पुढे तीच गाणी स्टुडिओत वादकांसह करून पाहिली, पण ती घरची सर येईना. अखेर घरचीच कॅसेट ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात आली. तीत मोटारींचा कारखाना बंद पडून बेकार झालेल्या माणसाचे गाणे आहे. त्याच जानेवारीच्या १८ तारखेला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही.

१९८३ साली मिडी नावाचा करार झाला. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वाद्ये बनविणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एक समान भाषा ठरविली. पाच टाचण्यांच्या तारेतून या भाषेत आवाज जात नाही, केवळ सूचना जाते: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने, अमुक क्षणी सोडली. भातखंडे-पलुसकरांनी स्वरलिपी बांधली ती माणसाने वाचावी म्हणून. ही स्वरलिपी यंत्र वाचते. १९८५ साली आलेल्या अटारी एस.टी. संगणकाला मिडीची खाच जन्मतःच होती. त्यामुळे संगणकच वाद्यवृंदाचा मुकादम झाला. गंमत अशी की, मिडीत सप्तकाचे बारा स्वर आखलेले, आणि मींड घ्यावयाची तर निराळा दांडा किंवा चाक फिरवावे लागते. आमच्या पेटीवरही हाच आरोप होता. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली व १९७१ पर्यंत तिला पुरते घरात घेतले नाही. पेटी त्यातून तरली. कीबोर्डावर तर कोणी बंदीचा विचारही केला नाही, इतक्या झपाट्याने तो लग्नाच्या मांडवात येऊन बसला.

कामगाराच्या दृष्टीने खरी गोष्ट येथे सुरू होते. अमेरिकेच्या वादक संघाचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी १ ऑगस्ट १९४२ रोजी ध्वनिमुद्रणाचा संप पुकारला. वादकाने एकदा वाजवावयाचे, आणि ती तबकडी हजार ठिकाणी वाजून त्याच्याच भाईबंदांची रोजी बुडवावयाची. तेव्हा तबकडीमागे काही रक्कम बेकार वादकांच्या निधीत टाका, ही मागणी. युद्धाच्या दिवसांत लोकांनी त्यांना शिव्या दिल्या, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली, पण १९४४ च्या नोव्हेंबरापर्यंत मोठ्या कंपन्यांना निधी मान्य करावा लागला. याउलट १९८२ च्या मे महिन्यात लंडनच्या वादक संघाच्या शाखेने सिंथेसायझरवरच बंदी घालण्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. पेट्रिलोने यंत्राकडे वाटा मागितला. लंडनवाल्यांनी यंत्रच नको म्हटले. दोहोंतला फरक मी आमच्या शाखांतून पुष्कळदा सांगत आलो आहे.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत यांपैकी काहीच झाले नाही. साठ-साठ, शंभर-शंभर वादकांचे ताफे ज्या स्टुडिओंत बसत, त्या पाळ्या १९९० नंतरच्या काही वर्षांत ओसरल्या. ग्रेगरी बूथ यांनी त्या वादकांना भेटून त्यांच्या हकीकती २००८ साली ग्रंथरूपाने छापल्या. त्या वाचताना मला वारंवार गिरणगाव आठवले.

कायदा मागाहून आला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटातील संगीतावर निर्मात्याचा हक्क उचलून धरला होता. १९९४ साली गाणाऱ्या-वाजविणाऱ्याचा हक्क कायद्यात आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने, जी २१ जून २०१२ पासून लागू झाली, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा लिहून घेऊनही काढून घेता येणार नाही असा केला. चांगला कायदा आहे. पण जालन्याच्या गल्लीतला मुलगा, जो भिंतीला गोधड्या टांगून, पंखा बंद करून, संगणकापुढे भीमजयंतीचे गाणे भरतो आणि ठोक रकमेवर ते देऊन मोकळा होतो, त्याच्या हाती करारपत्रच नसते. ढोलकीचे तुकडे तो तयार घेतो. ती मूळ ढोलकी कोणी वाजविली हे त्यालाही ठाऊक नसते.

हेमा रायरकर व गी पॉयटवां यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. १९९५ च्या सुमारास बर्नार्ड बेल हे संगणकाचे व संगीताचे जाणकार त्यांना मिळाले. गोदावरीपलीकडे, आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांच्या यंत्रापुढे गायिल्या. हा संग्रह २०१७ पासून ‘परी’ या संस्थेने लोकांपुढे आणण्यास सुरुवात केली. त्यात ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे आणि तिचे गावही आहे.