बीव्हरांची रास आणि बंदूक

(१) उत्तर अमेरिकेंतील कातड्यांच्या व्यापाराविषयीं एक दंतकथा प्रसिद्ध आहे. गोरा व्यापारी बंदूक जमिनीवर उभी धरी, आणि तिच्या टोंकापर्यंत बीव्हर प्राण्याच्या कातड्यांची रास लागली म्हणजेच ती मूळच्या रहिवाशास देई, अशी ती कथा. ती प्रमाणांच्या कसोटीस लावून पाहणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

(२) हडसन्स बे कंपनीस इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें २ मे १६७० रोजीं सनद दिली. याच राजानें १६६८ त मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें होतें. बीव्हराच्या आंतल्या बारीक केसांचा नमदा करून यूरोपांत टोप्या बनत. यामुळें त्याच्या कातड्यास मागणी असे. हडसन उपसागरावरील यॉर्क वखारींत एक उत्तम बीव्हर-कातडें हेंच हिशेबाचें परिमाण होतें. कंपनीचें दप्तर सुदैवानें शाबूत असून तें १९७४ त लंडनहून विनिपेग येथें आलें व १९९४ त मॅनिटोबा प्रांतास दान मिळालें. अठराव्या शतकांतील कंपनीच्या दरांत बंदुकीची किंमत साधारणपणें १० ते १४ बीव्हर आढळते. हें झालें शब्दप्रमाण.

(३) आतां प्रत्यक्ष पाहूं. तत्कालीन वेष धारण करून ही जुनी राहणी पुन्हा वठविण्याचा छंद तिकडे अनेकांस आहे. नॉर्थ वेस्ट कंपनी या प्रतिस्पर्धी मंडळीच्या फोर्ट विल्यम ठाण्याची प्रतिकृति ऑंटारिओंत १९७३ त लोकांस खुली झाली. तेथें १८१६ च्या सुमाराचें जीवन दाखवितात. अशा हौशी मंडळींस ही कथा सहज तपासतां येते. लांबांतील लांब बंदुकीची नुसती नळीच ४ फूट, म्हणजे ४८ इंच. १४ कातड्यांनीं ती उंची गांठावयाची तर प्रत्येक कातडें सुमारें साडेतीन इंच जाड हवें. इतकें जाड कातडें बीव्हराचें नसतें. सारांश, कथा निराधार ठरते.

(४) या छंदास केवळ करमणूक समजूं नये. व्यापाराच्या कागदांत 'नग' असा शब्द येतो. नग म्हणजे ९० पौंडांचें गाठोडें. असे दोन नग कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यानें पाठीवर तोलून वाहक ग्रँड पोर्टेजची साडेआठ मैलांची पायवाट चालत. हा आंकडा वाचून कळतो. पाठीवर घेतल्यावर उमजतो. तथापि मर्यादाही आहे. फोर्ट विल्यमची प्रतिकृति मूळ जागीं नसून त्याच नदीच्या वरच्या अंगास आहे; आणि वेष कितीही हुबेहुब असला तरी त्यावरून भाव निघत नाहीं. त्यास कागदच पाहिजे.

(५) कथा खोटी ठरली म्हणून व्यापार निर्दोष ठरत नाहीं. ठराविक दरापेक्षां अधिक कातडीं घेऊन वखारवाले जी वरकड प्राप्ति करीत, तिचा हिशेब त्यांच्याच वह्यांत निराळा मांडलेला आहे. बंदुकीची दारू, कापड असा माल मोजून देतांना हात आखडता घेणें हा तिचा मार्ग. म्हणजे लबाडी बंदुकीच्या उंचींत नव्हती, मापांत होती. आणि दंतकथेच्या राशीमागें तीच झांकली गेली. आपल्याकडील संग्राहकांनींही बाजारभावाच्या याद्या व वजनामापांचीं टिपणें किरकोळ म्हणून रद्दींत जाऊं देऊं नयेत. सनदा राजाचा शब्द सांगतात. गरिबास काय मिळालें तें अशाच चिठोऱ्यांवरून कळतें.