७८६, १०९८ आणि फुकटचा फोन

वैजापुरात माझ्या भाच्याचे ठिबकच्या साहित्याचे दुकान आहे. मागच्या महिन्यात त्याने टोल-फ्री नंबर घ्यायचे ठरवले. एजंटाने ‘व्हीआयपी’ नंबरसाठी वेगळी रक्कम सांगितली, आणि ती थोडीथोडकी नव्हती. भाचा मला म्हणाला, “मामू, आखिर में ७८६ होनाच.”

‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ या अक्षरांची अबजद पद्धतीने केलेली बेरीज म्हणजे ७८६. अनेक उलेमा सांगतात की या आकड्याला दीनचा आधार नाही. तरीही दुकानाच्या पाटीवर, ट्रकच्या कपाळावर तो दिसतोच. फॅन्सी नंबरांचे लिलाव सुरू झाले, तेव्हा ७८६ चाही भाव चढला. मोबाइलचा असा नंबर मालकाच्या समाधानासाठी असतो. टोल-फ्री नंबराचे तसे नाही. त्याचा इतिहास पाहिला, तर तो फोन करणाऱ्यासाठी जन्माला आला आहे.

पूर्वी बिल समोरच्याच्या माथी टाकायचे, तर ऑपरेटरला मध्ये घालावे लागे. अमेरिकेत १९६७ साली एटी अँड टी या कंपनीने ८०० क्रमांकाची सेवा आणली आणि ऑपरेटरचे काम उरले नाही. फोन करणाऱ्याला काही पडत नसे, बिल दुकानदार भरी. तिथल्या फोनच्या बटणांवर अक्षरेही असत, त्यामुळे आकड्यांतून शब्द तयार होई. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कचे फूलविक्रेते जिम मॅकॅन यांनी डबघाईला आलेली एक कंपनी कर्जासकट विकत घेतली. तिच्याकडे ‘१-८००-फ्लॉवर्स’ हा नंबर होता! पुढे त्यांच्या धंद्याचे नावच ते झाले.

आपल्याकडची गोष्ट मात्र फुलांची नाही. १९९६ साली मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी चाइल्डलाइन सुरू केली. ज्याच्या खिशात नाणे नाही आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही, अशा मुलाला कोणता नंबर द्यायचा? १०९८. उलट मोजणीसारखा, ‘दस-नौ-आठ’. दूरसंचार खात्याकडून तो मोफत मिळवला गेला आणि पुढे देशभर तोच चालला. माझ्या मते या देशातला सर्वांत मोलाचा टोल-फ्री नंबर हाच. तो कोणी मिरवण्यासाठी घेतला नव्हता.

शेतकऱ्यांसाठी जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झाले. त्याचा मूळ नंबर १५५१. नंतर तो १८००-१८०-१५५१ झाला. नंबर लांबला, पण ओळखीचे शेवटचे चार आकडे तसेच ठेवले. यात एक गोम आहे. आपल्याकडे १८०० नंतरचे आकडे बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या वाट्याचे असतात. आपल्या पसंतीला उरतात ते शेवटचे तीन-चार. एजंट पैसे मागतो ते तेवढ्याचेच.

हे सगळे भाच्याला सांगितले, पण त्याला पटेना. तेवढ्यात एक ओळखीचे शेतकरी काका पाइप न्यायला आले. मी त्यांना अकरा आकडी नंबर एकदा वाचून दाखवला आणि पाइप मोजून होईपर्यंत थांबलो. मग विचारले, “काका, नंबर काय होता?”

“शेवटी सातशे शहाऐंशी. तुमचा तो शुभ नंबर. त्याच्या अगोदरचं काय होतं बुवा?”

भाचा हसला. आता तर बहुतेक मोबाइल पॅकमध्ये कॉल तसाही फुकट असतो. वाचलेला रुपया कोणी मोजत नाही. गिऱ्हाईक पाहते ते एवढेच, की नंबर आठवतो का आणि लावल्यावर कोणी उचलते का. भर उन्हात मोटार चालू असताना लॅटरल फुटली, तर त्याला आकड्याच्या बरकतीशी घेणे नसते.

भाच्याने शेवटी जोडीचे आकडे असलेला साधा नंबर मागितला. वाचलेल्या पैशात दुपारी फोन घ्यायला एक मुलगा ठेवायचे म्हणतो आहे. मी त्याला म्हटले, ‘बिस्मिल्लाह’ नंबरात नसली तरी चालेल, फोन उचलताना म्हणत जा.