चित्रकाच : मुंबई

रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत जोडून आणि त्यांवर भट्टीत पक्की होणारी रेखा काढून घडवलेले खिडकीतील चित्र. बोलीत ‘स्टेन्ड ग्लास’. निळा, तांबडा, हिरवा हे रंग काच वितळत असतानाच तिच्यात धातूंच्या ऑक्साइडांमुळे उतरतात. चेहरा, बोटे, वस्त्रांच्या चुण्या मात्र चित्रकाराच्या हातच्या. लोहाचे किंवा तांब्याचे ऑक्साइड आणि काचेची पूड डिंकाच्या पाण्यात खलून तो काळपट लेप कुंचल्याने लावतात. सुकल्यावर काडीने, ताठ केसांच्या कुंचल्याने खरवडून उजेडाला वाट करून देतात. म्हणजे चित्राचा निम्मा भाग रंग काढून टाकण्यात असतो. मग सुमारे ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजले की लेप काचेशी एकजीव होतो. चांदीच्या क्षाराचा लेप भाजला, तर काच पिवळी होते.

मुंबईत ही कला गॉथिक वास्तूंबरोबर आली. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील (१८५८) खिडक्या इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात (१८७४) चक्राकार खिडकीवर बारा राशी आहेत. या सभागृहाप्रमाणेच वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेले ग्रंथालय व राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरे झाले. मनोऱ्याला आईचे नाव देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांची देणगी सर्वांना ठाऊक असते. वाचनालयाच्या काचा पाहायला मात्र फारसे कोणी मान वर करत नाही.

पावसाळा व खारी हवा या काचांच्या मुळावर येतात. शिसे थकते, तावदान फुगते. कच्ची भाजलेली रेखा आधी पुसट होते व मग गळते. त्याहून वाईट म्हणजे हाताशी आली ती काच बसवून केलेली डागडुजी. २०१३ ते २०१५ या काळात वास्तुविशारद ब्रिंदा सोमया यांच्या देखरेखीखाली ग्रंथालय व टॉवरचे जतन झाले. त्यातील काचांचे काम स्वाती चंदगडकर या मुंबईच्या समकालीन चित्रकाच-कलावतीने केले. अशा कामात तावदान उतरवण्याआधी शिशाच्या रेषांचा कागदावर ठसा घेतात, मूळ काच शक्य तितकी राखतात आणि हरवलेला तुकडाच तेवढा नव्याने रंगवून भाजतात. इथे कलावंताला आपली शैली बाजूला ठेवून दीडशे वर्षांपूर्वीच्या अनामिक हाताचे वळण गिरवावे लागते, आणि स्वतंत्र चित्र काढण्यापेक्षा ते अवघड आहे. या जतनकार्याला २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्माननीय उल्लेख मिळाला.